गाठ न धरणाऱ्या मूलपेशी: नेकेड मोल-रॅटचं प्रकरण

टेराटोमाचा पातळ काप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की आधी काही उमगतच नाही. एका कोपऱ्यात निळसर, दुधी काचेसारखी कूर्चा असते. तिला लागून आतड्याच्या अस्तरात असतात तशा उभ्या पेशींची रांग, आणि तिच्यात मधेमधे श्लेष्मानं टम्म फुगलेल्या पेशी. पट्टी थोडी सरकवली की चेतासंस्थेच्या कोवळ्या पेशींनी धरलेली फुलासारखी वर्तुळं दिसतात. शरीर बांधायला लागणारं बरंचसं सामान इथे हजर असतं, फक्त आराखडा कुठेच नसतो.

ही गाठ आहे. आणि मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेल्सच्या, प्रयोगशाळेत कित्येक वर्षं हीच गाठ गुणवत्तेची पावती मानली गेली. एखाद्या पेशीत शरीरातली कुठलीही ऊती बनायची क्षमता आहे का, हे तपासायचं असेल तर ती प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचायची आणि काही आठवडे वाट पाहायची. टेराटोमा धरला, आणि त्यात भ्रूणाच्या तिन्ही स्तरांतून निघणाऱ्या ऊती सापडल्या, तर पेशी पास. काहीच धरलं नाही तर नापास. या प्रकरणातल्या पेशी या परीक्षेत नापास झाल्या, आणि त्या का नापास झाल्या हे शोधताना जे हाती लागलं ते पास होण्यापेक्षा कितीतरी मोलाचं निघालं.

प्रकरण काय होतं

नेकेड मोल-रॅट हा पूर्व आफ्रिकेतल्या केनिया, इथिओपिया, सोमालिया या भागात जमिनीखाली वसाहत करून राहणारा, अंगावर जवळजवळ केस नसलेला कुरतडणारा प्राणी. मधमाश्यांसारखी याचीही एक राणी असते आणि बाकीचे बहुतेक जण आयुष्यभर कामकरीच राहतात. हा प्राणी ३० वर्षांच्या पुढे जगतो, तर साधारण त्याच आकाराचा उंदीर फार तर ३-४ वर्षं. पाळलेल्या वसाहतींमध्ये हजारो प्राण्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवूनही कर्करोग क्वचितच आढळतो. उंदरांमध्ये मात्र म्हातारपणी गाठी सर्रास होतात.

जपानमधल्या शिंगो मियावाकी, क्योको मिउरा, हिदेयुकी ओकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याच्या साध्या शरीरपेशींपासून आयपीएस पेशी तयार केल्या. आयपीएस म्हणजे प्रेरित बहुक्षम मूलपेशी: पूर्ण वाढ झालेल्या पेशीला काही ठरावीक जनुकांच्या जोरावर भ्रूणावस्थेकडे परत न्यायचं. काझुतोशी ताकाहाशी आणि शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या पेशींवर हे करून दाखवलं, आणि २०१२ साली यामानाकांना जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. मोल-रॅटच्या या पेशींबद्दलचा शोधनिबंध २०१६ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला.

पेशी तयार झाल्या, बहुक्षमतेची ओळखचिन्हं दिसली, पात्रात त्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशीही घडवता आल्या. मग त्या उंदरात टोचल्या. टेराटोमा झालाच नाही.

अशा वेळी कुठल्याही गटाच्या मनात पहिली शंका येते ती स्वतःच्याच पेशींबद्दल. रिप्रोग्रॅमिंग, म्हणजे पेशीला भ्रूणावस्थेकडे परत नेणं, अर्धवट राहिलं असेल, किंवा टोचताना पेशी मेल्या असतील. मोल-रॅटच्या शरीराचं तापमान ३२ अंश सेल्सियसच्या आसपास आणि उंदराचं ३७, तेव्हा परक्या, गरम शरीरात त्या तगल्याच नसतील, हीही शंका रास्त होती. "गाठ झाली नाही" हा निकाल वाचायला सोपा, पण सिद्ध करायला अतिशय कठीण. काहीतरी घडलं तर त्याचा काप काढून दाखवता येतो. घडलंच नाही तर ते का घडलं नाही याची शंभर कंटाळवाणी कारणं आधी एकेक करून बाद करावी लागतात. गाठ न होण्याचं कारण पेशींच्या आतच असेल, तर ते कारण काढून घेतल्यावर गाठ व्हायला हवी, आणि तेच कारण उंदराच्या पेशींत घातल्यावर तिथल्या गाठी कमी व्हायला हव्यात. या प्रकरणाचा सगळा तोल याच दोन उलट-सुलट प्रयोगांवर आहे.

मूलपेशीला गप्प करावं लागणारं जनुक

इथे जरा मागे जाऊन एका जनुकाची ओळख करून घ्यायला हवी, कारण ते समजलं नाही तर पुढचं सगळं नावांची यादीच वाटेल.

माणसात ९व्या गुणसूत्राच्या लहान भुजेवर डीएनएचा एक तुकडा आहे, ज्यातून दोन अगदी वेगळी प्रथिनं बनतात. एक पी१६ आणि दुसरं आर्फ. दोघांचा पहिला भाग वेगवेगळा आहे, पण दुसरा भाग डीएनएच्या त्याच अक्षरांवरून वाचला जातो, फक्त एकेका अक्षराची तोडणी बदलून. मराठीत "तीनउरली" ही अक्षरं सलग लिहिली तर "तीन उरली" असंही वाचता येतं आणि "ती न उरली" असंही. अक्षर एकही बदललेलं नाही, अर्थ मात्र पार बदलला. आर्फ हे नाव "पर्यायी वाचनचौकट" याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलं. १९९५ साली चार्ल्स शेर यांच्या प्रयोगशाळेनं ते दाखवलं तेव्हा सस्तन प्राण्यांच्या जनुकात असं काही असेल हे अनेकांना खरं वाटेना.

ही दोन्ही प्रथिनं अर्बुदरोधक, म्हणजे गाठी रोखणारी, आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे. पी१६ पेशीविभागणी पुढे ढकलणाऱ्या दोन एन्झाइमांना अडवतं आणि त्यातून आरबी या प्रथिनाचा ब्रेक लागलेला राहतो. आर्फचा रस्ता पी५३ या दुसऱ्या अर्बुदरोधक प्रथिनाकडे जातो. एरवी एमडीएम२ नावाचं प्रथिन पी५३ ला पकडून पकडून पेशीच्या कचरायंत्रणेकडे धाडत असतं. आर्फ येतं आणि एमडीएम२ चेच हात बांधून ठेवतं. मग पी५३ साठतं, आणि पेशी विभागणी थांबवते किंवा मरण पत्करते. पेशी वेडीवाकडी वाढू लागली, एखादं कर्करोगकारी जनुक जोरात चालू झालं, की आर्फ जागं होतं. ज्या उंदरांतून फक्त आर्फ काढून टाकलं त्यांना लहान वयातच गाठी झाल्या, हे १९९७ मध्येच दिसलं होतं.

आता अडचण अशी, की मूलपेशीचं कामच मुळी विभागत राहणं. तिला आर्फ आणि पी१६ सतत जागे ठेवून चालणारच नाही. म्हणून ती हा तुकडा बंद ठेवते, पण डीएनएला हात न लावता. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा करून हे काम होतं. पॉलीकोम्ब गटातलं एक यंत्र हिस्टोन एच३ च्या २७व्या लायसीनवर मिथाइल गट चिकटवतं, त्याच गटातलं दुसरं यंत्र ती खूण वाचून तो भाग दाबून घट्ट करतं, आणि जनुक वाचलं जात नाही. एपिजेनेटिक, म्हणजे अधिजनुकीय, नियंत्रण म्हणतात ते हेच. मजकूर जसाच्या तसा, फक्त पान चिकटवून टाकलेलं.

या दुसऱ्या यंत्रातला एक महत्त्वाचा घटक म्हणजे बीएमआय१. मार्टेन व्हॅन लोहुइझेन यांच्या गटानं १९९९ साली दाखवलं की उंदरातून बीएमआय१ काढलं की पी१६ आणि आर्फ दोन्ही उसळून वर येतात आणि पेशी वाढायची थांबते. २००३ मध्ये रक्ताच्या आणि मेंदूच्या मूलपेशींवरचं काम आलं: बीएमआय१ नसेल तर त्या मूलपेशींना स्वतःची भर घालता येत नाही, हळूहळू त्या संपून जातात. २००६ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. वय वाढतं तसं मूलपेशींमधलं पी१६ वाढत जातं आणि ऊतींची दुरुस्ती मंदावते.

म्हणजे प्रत्येक मूलपेशी एका अवघड सौद्यावर जगत असते. पहारेकरी झोपवला तर भर घालता येते, पण चोराला रान मोकळं होतं. पहारेकरी जागा ठेवला तर चोर येत नाही, पण घरही वाढत नाही. म्हातारपण आणि कर्करोग हे मला याच एका सौद्याचे दोन टोकांचे हिशेब वाटतात, आणि या प्रकरणाकडे मी वारंवार परत येते ती त्याच कारणानं.

आयपीएस पेशींत हा सौदा सर्वात टोकाला जातो. मॅन्युएल सेरानो यांच्या गटानं २००९ साली दाखवलं की उंदराच्या पेशीला मागे भ्रूणावस्थेकडे न्यायचं तर हाच तुकडा सर्वात मोठा अडसर ठरतो, आणि एकदा पेशी आयपीएस झाली की तो पूर्ण गप्प होतो. त्यावर एकाच वेळी चालू करणारी आणि बंद करणारी अशा दोन्ही खुणा असतात, त्यामुळे पेशी पुढे विभेदित झाली, म्हणजे एखाद्या ठरावीक प्रकारची बनली, की तो पुन्हा जागा होऊ शकतो. त्याच कामात आणखी एक बारकावा आहे जो पुढे उपयोगी पडेल: उंदरात मुख्य अडसर आर्फचा, माणसात मात्र पी१६ चा.

तपास कुठे पोचला

मोल-रॅटच्या आयपीएस पेशींत नेमकं इथेच वेगळेपण निघालं. उंदराच्या आयपीएस पेशींत जे आर्फ गाढ झोपलेलं असतं, ते यांच्यात जागं होतं. भ्रूणावस्थेला पोचलेली, बहुक्षम झालेली पेशी, आणि तरी पहारेकरी दारात उभा.

मग उलटा प्रयोग झाला. उंदराच्या आयपीएस पेशींत जबरदस्तीनं आर्फ चालू ठेवलं, तर त्या पेशींची गाठ धरायची ताकद लक्षणीयरीत्या घटली. म्हणजे मोल-रॅटच्या पेशी उंदराच्या शरीरात तगत नाहीत म्हणून गाठ होत नाही, हे स्पष्टीकरण पुरेसं नव्हतं. उंदराच्याच पेशी, उंदराच्याच शरीरात, फक्त एक जनुक गप्प होऊ दिलं नाही, आणि गाठ मागे हटली.

पण आर्फ एकटं नव्हतं. दुसरा सापडला तो ईरास. या जनुकाचा इतिहास मला फार आवडतो. ताकाहाशी, मित्सुई आणि यामानाका यांनी २००३ साली, म्हणजे आयपीएस पेशींच्या तीन वर्षं आधी, उंदराच्या भ्रूणमूलपेशींत ते शोधलं होतं. रास कुटुंबातली जनुकं कर्करोगात कुप्रसिद्ध आहेत, कारण त्यांच्यात एखादा बदल झाला की ती कायमची चालू राहतात. ईरास मात्र कुठल्याही बदलाशिवाय जन्मतःच चालू स्थितीत असतं. उंदराच्या भ्रूणमूलपेशींतून ते काढलं तरी त्या बहुक्षमच राहतात, पण त्यांची वाढ मंदावते आणि गाठी धरायचं प्रमाण खाली येतं. मूलपेशीचं बहुक्षम असणं आणि तिचं गाठीसारखं फोफावणं या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येतात, याचा पहिला धागा त्या कामात होता. मोल-रॅटमध्ये ईरास जनुक उत्परिवर्तनानं मोडलेलं निघालं. तिथे अधिजनुकीय काही नाही, मजकूरच फाटलेला आहे.

मोल-रॅटच्या आयपीएस पेशींत आर्फ दाबलं आणि बाहेरून उंदराचं धडधाकट ईरास घातलं, तेव्हा मात्र गाठी धरू लागल्या. तापमानाची, परक्या शरीराची, अर्धवट रिप्रोग्रॅमिंगची शंका इथे मिटते. पेशी कमअस्सल नव्हत्याच. त्यांना दोन ठिकाणी अडवलेलं होतं.

एक टोचणी मात्र राहतेच, आणि ती सांगायलाच हवी. माणसाचं ईरासही कामाचं नाही: जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेनं २००५ साली दाखवलं की त्या जनुकाचा संदेश आधीच तुटतो आणि त्यातून प्रथिन बनत नाही. तरीही माणसाच्या भ्रूणमूलपेशी आणि आयपीएस पेशी टेराटोमा करतात. म्हणजे ईरास नसणं हे गाठ न होण्याला एकट्यानं पुरेसं कारण नाही. मोल-रॅटच्या बाबतीत खरा भार आर्फवर आहे, आणि ईरासचं मोडणं ही त्याला मिळालेली साथ, असं मी या पुराव्यावरून वाचते.

दाबली तरी वाजणारी शिट्टी

माझ्या मते या प्रकरणातली सर्वात अनपेक्षित गोष्ट वेगळीच आहे. कर्करोगाच्या वाटेवरची पेशी काय करते? आर्फ गप्प करते. कधी तो डीएनएचा तुकडाच गमावून, कधी त्यावर मिथाइल गटांचा लेप देऊन. उंदराच्या पेशीत आर्फ गेलं की तिला विभागायला मोकळीक मिळते, पात्रात ती जवळपास अमर होते.

मोल-रॅटच्या शरीरपेशींत आर्फ दाबल्यावर याच्या उलट झालं. पेशी फोफावण्याऐवजी सेनेसन्समध्ये गेल्या. सेनेसन्स म्हणजे पेशीनं कायमची निवृत्ती घेणं: ती मरत नाही, पण पुन्हा कधी विभागतही नाही. पसरट, रुंद होऊन पात्राच्या तळाला चिकटून राहते. संशोधकांनी याला "आर्फ दाबल्यानं ओढवणारं सेनेसन्स" असं नाव दिलं.

याचा अर्थ काय, ते शांतपणे पाहायला हवं. एरवी आर्फ जागं झालं की धोक्याची घंटा वाजते, आणि ते गप्प झालं की सगळं सामसूम. मोल-रॅटमध्ये गप्प होणं हीच दुसरी घंटा आहे. पहारेकऱ्याला झोपवणारा चोर आत शिरतो तोवर दार आपसूक बंद होतं. मूलपेशींच्या ज्या सौद्याबद्दल वर लिहिलं, त्यातून सुटायचा हा एक रस्ता दिसतो: जनुकांची संख्या न वाढवता, त्यांना गप्प करण्याची किंमत वाढवायची.

हत्तीशी तुलना केली की हे ठसठशीत होतं. हत्तीच्या जीनोममध्ये पी५३ च्या जनुकाच्या सुमारे २० प्रती असल्याचं २०१५ साली समोर आलं. माणसात एकच. म्हणजे हत्तीनं पहारेकरी वाढवले. मोल-रॅटनं पहारेकऱ्यांची संख्या तशीच ठेवून पहाऱ्याचे नियम बदलले.

दुसऱ्या खंडातून आलेला पुरावा

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात व्हेरा गोर्बुनोव्हा आणि आंद्रेई सेलुआनोव्ह यांचा गट या प्राण्यावर बरीच वर्षं काम करतो आहे. २०१७ साली त्यांनी प्रश्न जरा मागून विचारला: मोल-रॅटच्या पेशीला मुळात मागे भ्रूणावस्थेकडे न्यायलाच इतका त्रास का होतो?

यामानाकांचे चार घटक, म्हणजे पेशीला मागे नेणारी ती ठरावीक जनुकं, दिल्यावर उंदराच्या पेशींच्या मानानं मोल-रॅटच्या फार थोड्या पेशी आयपीएस झाल्या. मग त्यांनी एसव्ही४० विषाणूचं लार्ज टी हे प्रथिन दिलं. ते पी५३ आणि आरबी दोघांनाही निकामी करतं. रिप्रोग्रॅमिंग झपाट्यानं सुधारलं. दोघांपैकी कोणामुळे, हे पाहायला एकेकाला वेगळं बंद केलं. पी५३ एकटं बंद केल्यानं फरक पडला नाही, आरबी एकटं बंद केल्यानं पडला. इथे थांबून विचार केला पाहिजे, कारण २००९ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी एकाच सुमारास दाखवलं होतं की उंदरात आणि माणसात पी५३ काढलं की रिप्रोग्रॅमिंग जोरात होतं. मोल-रॅटमध्ये कुलूप वेगळ्या जागी होतं.

हिस्टोनच्या खुणा मोजल्या तेव्हा कारण दिसलं. उंदराच्या मानानं मोल-रॅटच्या पेशींत २७व्या लायसीनवरच्या बंद करणाऱ्या मिथाइल खुणा जास्त, आणि त्याच जागेवरच्या चालू करणाऱ्या अ‍ॅसिटाइल खुणा कमी. क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि हिस्टोन यांची गुंडाळी, कुठे उघडं आहे हे पाहिलं तर रिप्रोग्रॅमिंगला लागणाऱ्या जनुकांची दारं मोल-रॅटमध्ये अधिक घट्ट मिटलेली. लार्ज टी दिल्यावर ती मोठ्या प्रमाणात उघडली. निष्कर्ष असा, की या प्राण्याचं अधिजनुकीय चित्र जास्त स्थिर आहे. पेशी आपली ओळख सहजासहजी सोडत नाही.

ही दोन कामं शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती मला दोन्ही निबंधांपेक्षा मोठी वाटते. एका बाजूला मोल-रॅटची पेशी एकूणच जास्त कुलूपबंद, पॉलीकोम्बच्या खुणा जास्त. दुसऱ्या बाजूला, ज्या आर्फला बाकीचे प्राणी बहुक्षम अवस्थेत हमखास बंद करतात, तेच दार या पेशीत मिटत नाही. म्हणजे "अधिजनुकीय नियंत्रण कडक" किंवा "सैल" अशी एका आकड्याची मोजणी इथे चालणार नाही. कुठलं पान चिकटवायचं आणि कुठलं कधीच चिकटू द्यायचं नाही, या निवडीत सगळं आहे. कर्करोगावरची जी औषधं पॉलीकोम्बला सरसकट अडवतात, त्यांच्याकडे पाहताना मला हे सतत आठवतं. तीच खूण एका जागी अर्बुदरोधक जनुकाला झोपवते, दुसऱ्या जागी पेशीला तिची ओळख विसरू देत नाही.

न बसणारे तुकडे

प्रकरणअभ्यासात सोयीचा पुरावा तेवढाच मांडला तर तो अभ्यास राहत नाही. म्हणून हेही.

या प्राण्याला कर्करोग होतच नाही असं एके काळी लिहिलं जायचं. २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या मोल-रॅटमध्ये कर्करोगाची प्रकरणं नोंदवली गेली. दुर्मीळ, पण खरी. तेव्हा "होत नाही" हा शब्द सोडून "क्वचित होतो" हा शब्द धरायला हवा.

दुसरं, २०२० साली केंब्रिजमधल्या गटानं नेचरमध्ये दाखवलं की लार्ज टी आणि रास कुटुंबातलंच बदललेलं एचरास ही दोन प्रथिनं दिली की मोल-रॅटच्या शरीरपेशी कर्करोगी होतात आणि उंदरात गाठी धरतात. आधीच्या कामांत ही जोडी पुरेशी नाही असं आलं होतं. केंब्रिजच्या गटाचं म्हणणं, की संरक्षण पेशीच्या आत शोधण्यापेक्षा तिच्या आजूबाजूला, प्रतिकारयंत्रणेत आणि ऊतींच्या वातावरणात शोधायला हवं.

हे आयपीएस पेशींच्या प्रकरणाला खोटं ठरवतं का? मला तसं वाटत नाही, आणि कारण यंत्रणेतच आहे. आर्फ काम करतं ते पी५३ मार्फत. लार्ज टी पी५३ ला थेट धरून निकामी करतं, आणि आरबीलाही. पहारेकरी शिट्टी वाजवतोच आहे, पण ऐकणाराच गायब केलाय. अशा पेशीनं हार मानावी यात नवल नाही. पण निसर्गात पेशी विषाणूचं असं प्रथिन घेऊन जन्मत नाही. ती एकेका बदलानं सरकत जाते, आणि एकेका बदलाच्या वाटेवर आर्फचा हा दुहेरी पहारा उभा असतो. वातावरणाचा वाटा मात्र नाकारता येणार नाही. मिउरा यांच्याच गटानं २०२२ साली दाखवलं की कर्करोगकारी रसायनं लावल्यावर या प्राण्याच्या त्वचेत सूज येण्याची प्रतिक्रिया मंद असते, आणि त्यामागे आरआयपीके३ व एमएलकेएल ही पेशीचा स्फोटक मृत्यू घडवणारी जनुकं निकामी असल्याचं कारण आहे. संरक्षण पेशीच्या आत आहे आणि बाहेरही.

उपचारांच्या टेबलावर

हे सगळं माणसाच्या उपयोगाचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. आयपीएस पेशींपासून बनवलेल्या ऊती रुग्णाला देताना सर्वात मोठी भीती टेराटोमाचीच. लाखो पेशी विभेदित केल्या आणि त्यात मूठभर तशाच बहुक्षम राहिल्या, तरी त्या मूठभरच गाठ धरू शकतात. २०१४ साली जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटानं रुग्णाच्याच आयपीएस पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाच्या पेशींचा पापुद्रा पहिल्यांदा डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या आयपीएस पेशींत जनुकीय बदल सापडले आणि २०१५ मध्ये ते प्रत्यारोपण थांबवण्यात आलं. सावधगिरी किती बारीक असावी लागते याचं हे उदाहरण.

मग माणसाच्या आयपीएस पेशींत आर्फ जागं ठेवावं का? उपचारासाठी पेशी कोट्यवधींनी वाढवाव्या लागतात, आणि जागं आर्फ नेमकं तेच होऊ देत नाही. शिवाय माणसात मुख्य अडसर पी१६ चा आहे, आर्फचा नाही, हे वर आलंच. मोल-रॅटचा नियम उचलून माणसात ठेवता येणार नाही. पेशी वाढवून झाल्यावर, विभेदनाच्या शेवटच्या टप्प्यात, ज्या अजून बहुक्षम राहिल्या आहेत फक्त त्यांच्यातच हा पहारेकरी उठवता आला तर ते शोधण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं. तिथे थोड्याच पेशींना थांबवायचं असतं, आणि थांबलेल्या त्या पेशींवर पुढे कशाचीही भिस्त नसते.

पण त्याआधी एक तपासणी व्हावीशी वाटते, आणि तिचं सामान वर आलेल्याच गोष्टींत आहे. प्राणिसंग्रहालयातल्या ज्या मोल-रॅटना खरोखर कर्करोग झाला, त्यांच्या गाठींचे काप घ्यावेत आणि त्यांत दोनच गोष्टी पाहाव्यात. आर्फ जागं होतं की दाबलेलं, आणि दाबलेलं असेल तर त्या पेशी सेनेसन्सच्या दारातून निसटल्या कशा.